थिएटर नसलेल्या देशाचा सिनेमा कानला पोचतो तो कसा?

फ्रान्समधला २०२१ सालचा कान फिल्म फेस्टिव्हल कोरोनामुळे मेऐवजी जुलैत भरला. ६ जुलैला उद्घाटन झालं आणि ७ तारखेच्या पहाटे, तिथून अटलांटिकपलीकडे, कॅरिबियनमधल्या हैतीचे राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्या राहत्या घरात गोळ्या घालून हत्या झाली. नेमक्या त्याच फेस्टिव्हलात ‘अं सर्तं रगार’ या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात हैतीचा एक चित्रपट होता, जेसिका जेनेयूस या दिग्दर्शिकेचा ‘फ्रेडा’. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधली साधी वस्ती, छोटंसं दुकान चालवणारी आई, तिच्या दोन मुली, रस्त्यावर २०१८ ची आंदोलनं आणि घरात एकच न संपणारा वाद, इथंच राहायचं की निघून जायचं. पुढे त्याच वर्षी बुर्किना फासोमधल्या वागाडुगूच्या ‘फेस्पाको’ या आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या चित्रपट महोत्सवात ‘फ्रेडा’ला रौप्य अश्व मिळाला, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा मान.

आता जरा विचार करा. हैतीच्या राजधानीत नेमानं चालणारं एकही व्यावसायिक थिएटर उरलेलं नाही. चित्रपटाला अनुदान देणारी भक्कम सरकारी यंत्रणा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ संपताना राजधानीचा सुमारे ८५ टक्के भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात होता. अशा ठिकाणचा सिनेमा कान, सनडान्स, टोरांटो, लोकार्नो अशा मोठ्या फेस्टिव्हलच्या यादीत दिसतो, आणि एकदाच चुकून दिसला असंही नाही, वारंवार दिसतो. हे घडतं कसं?

आपल्या डोक्यात सिनेमाचा एक क्रम पक्का बसलेला असतो. आधी निर्माता पैसे घालतो, मग सिनेमा होतो, थिएटरला लागतो, तिकिटं खपतात, आणि सिनेमा चांगला निघालाच तर फेस्टिव्हलला जातो. हैतीत हा क्रम उलटा चालतो. तिकिटातून पैसे परत येण्याची सोयच नसल्यामुळे सिनेमा बनायच्या आधीच त्याची परदेशात कुठेतरी सोयरीक जुळवावी लागते. आपल्याकडे फेस्टिव्हल म्हणजे शेवटी मिळालेली शाबासकी. तिथं तो पायाचा दगड आहे. हा उलटेपणा ध्यानात आला की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

घरची बाजारपेठ होती, ती गेली

हैती सिनेमाला नवखा देश मुळीच नाही. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये पहिला खेळ डिसेंबर १८९९ मध्ये झाला. विसाव्या शतकात राजधानीत रेक्स, कॅपिटल, ट्रायोम्फ अशी थिएटरं होती आणि ती भरतही होती. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा परकेच लोक दिसत. हैतीबद्दलचा सिनेमाही बाहेरचेच काढत. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेनं देश ताब्यात ठेवला होता, आणि जगाच्या पडद्यावर हैतीची ओळख ‘झोंबींचा देश’ अशी झाली ती त्याच काळातल्या अमेरिकी पुस्तकांमुळे आणि हॉलिवूडमुळे. तो शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

मग दुवालिये बाप-लेकांची हुकूमशाही आली, १९५७ ते १९८६. शेतीतज्ज्ञ आणि पुढे रेडिओ पत्रकार झालेले ज्याँ डोमिनिक यांनी साठच्या दशकात एक फिल्म क्लब चालवला होता. नाझी छळछावण्यांवरचा ‘नाइट अँड फॉग’ हा फ्रेंच माहितीपट तिथं दाखवला गेला आणि सरकारनं क्लब बंद पाडला. सिनेमात हैतीचं नावही नव्हतं, पण बघणाऱ्यांना काय कळायचं ते कळलं होतं, आणि सरकारलाही. त्यामुळे हैतीतल्या माणसानं हैतीबद्दल बनवलेला पहिला मोठा माहितीपट १९७५ मध्ये आला तोही देशाबाहेर राहणाऱ्या अर्नोल्ड अँतोनँ यांच्याकडून. हैतीत सगळे बोलतात त्या क्रेओल भाषेतल्या सुरुवातीच्या कथापटांपैकी एक, रासूल लाबूशँ यांचा ‘अनिता’, आला १९८० मध्ये. ती घरकामाला ठेवलेल्या एका पोरीची गोष्ट होती.

२००० च्या सुमारास स्वस्त डिजिटल कॅमेरे आले आणि थोड्या वर्षांपुरती एक गंमत झाली. रिचर्ड सेनेकाल यांचा ‘बारिकाड’ (२००२) बघायला लोकांनी थिएटरं भरली. श्रीमंत घरातला मुलगा आणि घरची मोलकरीण यांची प्रेमकथा, क्रेओल संवाद, ओळखीचे चेहरे. परदेशी फंड नाही, फेस्टिव्हल नाही, गावच्या पैशानं गावचा सिनेमा चालला. मला हा काळ फार महत्त्वाचा वाटतो, कारण फेस्टिव्हलच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. पण पायरेटेड डिस्क फुटपाथवर आल्या, वीज बेभरवशाची झाली, रात्री बाहेर पडणं धोक्याचं झालं. दशक संपता संपता थिएटरं मिटत गेली आणि १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानं उरलंसुरलं मोडून काढलं.

इथं एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे एकाच बेटाचे दोन भाग. ज्या २०१० मध्ये हैती ढिगारे उपसत होता, त्याच वर्षी शेजाऱ्यानं ‘१०८-१०’ क्रमांकाचा चित्रपट कायदा केला. आमच्याकडे येऊन शूटिंग करा, खर्चाच्या २५ टक्के रक्कम करसवलतीच्या रूपानं परत घ्या, असा त्याचा मथितार्थ. परदेशी चित्रपटांची रांग लागली, समुद्राला लागून भल्या मोठ्या पाण्याच्या टाकीसह स्टुडिओ उभा राहिला, स्थानिक सिनेमांची संख्या कित्येक पटींनी वाढली. बेट एक, समुद्र एक, उन्हाचा प्रकाशही तोच. फरक आहे तो कागदावरच्या कायद्याचा आणि तो अमलात आणणाऱ्या सरकारचा.

पैसा येतो कुठून

घरून पैसा नाही म्हटल्यावर नजर वळते युरोपकडे. तिथं काही फंड खास ‘दक्षिणेकडच्या’, म्हणजे विकसनशील, देशांसाठी ठेवलेले आहेत. रॉटरडॅमचा हुबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आहे, बर्लिन फेस्टिव्हलचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून. हैतीच्या दृष्टीनं सगळ्यात जवळचा तो फ्रान्सचा. १९८४ साली सुरू झालेल्या जुन्या फंडाची जागा २०१२ मध्ये ‘एद ओ सिनेमा द्यु माँद’ या योजनेनं घेतली, म्हणजे ‘जगातल्या सिनेमांना मदत’.

मदतीला अर्थातच अटी असतात. मुख्य अट ही की तुमच्याबरोबर त्या देशातला एक सहनिर्माता हवा. फ्रान्सच्या फंडासाठी फ्रेंच कंपनी, बर्लिनच्या फंडासाठी जर्मन. फ्रेंच मदतीतला बराचसा पैसा फ्रान्समध्येच खर्च व्हावा लागतो. म्हणून शूटिंग पोर्ट-ओ-प्रिन्सला आणि एडिटिंग, आवाजाचं मिश्रण, रंगदुरुस्ती पॅरिसला, असा प्रकार दिसतो. याला लबाडी म्हणण्याचं कारण नाही, तिथला करदाता हिशेब मागतो. पण त्याचा एक परिणाम होतो. सिनेमाचे शेवटचे, नाजूक निर्णय हैतीबाहेरच्या खोलीत घेतले जातात, आणि ती कौशल्यं हैतीत रुजायची राहून जातात.

‘फ्रेडा’ हा हैती, फ्रान्स आणि बेनिन या तिघांचा. बेनिन हे नाव वाचून पहिल्यांदा मीही थबकलो होतो. पश्चिम आफ्रिकेतला देश इथं कुठून आला? त्यामागं दोन धागे आहेत. एक जुना, हैतीच्या लोकांचे पूर्वज ज्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेले गेले त्यातला मोठा भाग आजच्या बेनिनचा. व्होडू धर्म तिथला आणि इथला एकमेकांना ओळखतो. दुसरा धागा व्यवहाराचा. फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या संघटनेचा स्वतःचा सिनेमा फंड आहे, आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक या गटातल्या देशांसाठी युरोपीय संघाचा वेगळा पैसा असतो. अशा दोन देशांनी हातमिळवणी केली की अर्जाला वजन येतं.

अर्ज म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी चाळणी तिथंच लागते. पटकथा, दिग्दर्शकाचं मनोगत, खर्चाचा अंदाज, पैसे कुठून कुठून येणार याचा तक्ता. प्रत्येक फंडाचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्यात आधी कोण आलंय?’ कुणीच आलेलं नसतं. पहिला कुणीतरी येईपर्यंत दुसरा येत नाही. बँकेत कर्ज मागायला गेलेल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको.

त्यात भाषेचं त्रांगडं. १९८७ च्या घटनेनुसार हैतीच्या दोन राजभाषा आहेत, क्रेओल आणि फ्रेंच. क्रेओल सगळे बोलतात. फ्रेंच सफाईनं येते ती शिकलेल्या थोड्यांना. फ्रेंच फंडाची फाईल फ्रेंचमध्येच लागते. म्हणजे आईनं मुलीला घातलेली शिवी लेखकाला क्रेओलमध्ये सुचते, समितीसाठी ती फ्रेंचमध्ये सभ्य होते, शूटिंगला पुन्हा क्रेओलमध्ये येते आणि पडद्याखाली इंग्रजी उपशीर्षक बनून जाते. एका वाक्याचे इतके प्रवास. आणि ज्याची क्रेओल धारदार पण फ्रेंच कच्ची, त्याची फाईल बहुधा टेबलावर पोचतच नाही.

दारं आणि दलाल

नव्या माणसाला थेट मोठा चित्रपट कुणी देत नाही. आधी लघुपट. तो त्याचं ओळखपत्र. सॅम्युएल सुफ्रँ याचं उदाहरण घ्या. पोर्ट-ओ-प्रिन्सचा हा दिग्दर्शक एकाच दुखण्याभोवती लघुपट करत राहिला, ते म्हणजे अमेरिकेला जाण्याचं स्वप्न आणि मागे राहिलेली माणसं. त्याच्या ‘कागदी होड्यांसारखी स्वप्नं’ अशा अर्थाच्या नावाच्या लघुपटात बायको अमेरिकेला निघून गेली आहे. नवरा आणि लहान मुलगी मागे राहिलेत, आणि तिच्याकडून आलेली आहे ती एक कॅसेट. हा लघुपट २०२४ मध्ये सनडान्सला होता. पुढचा, ‘कर ब्लू’, २०२५ मध्ये कानच्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या समांतर विभागात आला. पायऱ्या अशा चढल्या जातात.

फेस्टिव्हलला जोडून बाजार भरतो, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. कानचा बाजार १९५९ पासून भरतो आणि जगातला तो सगळ्यात मोठा. वर लाल गालिचा, फोटो, गाऊन. खाली तळघरात आणि तंबूंत टेबलं मांडून खरेदी-विक्री. आपल्याकडे गोव्यात इफ्फीच्या वेळी फिल्म बाजार भरतो, त्याच जातीचा हा प्रकार. इथला मुख्य माणूस म्हणजे सेल्स एजंट. मार्केट यार्डातला अडत्या डोळ्यांसमोर आणा. माल शेतकऱ्याचा, पण गाळा, ओळखी आणि भावाची माहिती अडत्याकडं. तो तुमचा सिनेमा देशोदेशीच्या वितरकांना, वाहिन्यांना, स्ट्रीमिंग कंपन्यांना विकतो आणि साधारण २० ते ३० टक्के अडत कापतो. सिनेमा त्याला फारच आवडला तर आधी थोडी उचल देतो. पण विक्रीतून आधी त्याची अडत, खर्च आणि उचल वळती होते, मग सहनिर्मात्यांचे वाटे, आणि तळाशी काही उरलंच तर हैतीतली कंपनी. बहुतेक वेळा ताट तिच्यापर्यंत येतं तेव्हा त्यात चटणीच असते.

या बाजारात पहिल्या खेळाला फार किंमत. मोठ्या फेस्टिव्हलना सिनेमा कोरा हवा असतो, दुसरीकडं कुठं न दाखवलेला. म्हणून गावातल्या लोकांना आधी दाखवायचं म्हटलं तरी निर्माता हात धरतो. थांब, आधी कानचं उत्तर येऊ दे.

ही सगळी यंत्रणा ज्यानं सगळ्यात नीट ओळखली तो माणूस म्हणजे राऊल पेक. जन्म १९५३, पोर्ट-ओ-प्रिन्स. दुवालियेच्या जाचामुळे कुटुंब काँगोला गेलं तेव्हा तो ८ वर्षांचा होता. सिनेमा शिकला बर्लिनमध्ये. त्याचा ‘धक्क्यावरचा माणूस’ हा हुकूमशाहीतल्या एका लहान मुलीच्या डोळ्यांतून सांगितलेला चित्रपट १९९३ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत होता. हैतीत तेव्हा लष्करी बंडवाले सत्तेवर होते, म्हणून चित्रीकरण शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात झालं. मधल्या काळात १९९६-९७ मध्ये तो हैतीचा सांस्कृतिक मंत्रीही होता. स्वतःची ‘वेल्व्हेट फिल्म’ ही कंपनी त्यानं अशी उभी केली की एक पाय युरोपात, एक अमेरिकेत. त्यामुळे सहनिर्माता शोधत फिरायची पाळीच येत नाही, तो स्वतःच स्वतःचा परदेशी भागीदार. जेम्स बाल्डविनच्या लिखाणावरचा त्याचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. २०२४ मध्ये छायाचित्रकार अर्नेस्ट कोलवरच्या त्याच्या माहितीपटाला कानमध्ये सर्वोत्तम माहितीपटाचा ‘सोनेरी डोळा’ विभागून मिळाला. मात्र बाल्डविन अमेरिकेचा, कोल दक्षिण आफ्रिकेचा. जगानं पेकला सर्वाधिक दाद दिली ती हैतीबाहेरच्या विषयांना. भूकंपानंतर परदेशी मदतीचा कसा बोजवारा उडाला हे सांगणारा ‘घातक मदत’ अशा अर्थाचा त्याचा २०१३ चा माहितीपट मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो, आणि तो त्या मानानं कमी बघितला गेला. मदत देणाऱ्यांना आरसा दाखवला की टाळ्या जरा जपून पडतात.

यातच एक चोरटा प्रश्न दडलेला आहे. हैतीकडून जगाला हवंय काय? निवड करणारे युरोप-अमेरिकेत बसतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढं हैती म्हणजे भूकंप, टोळ्या, व्होडू. तसा विषय असला की फाईल वर सरकते. हैतीतल्या मध्यमवर्गीय ऑफिसातली हलकीफुलकी प्रेमकथा कानला गेलेली मी तरी ऐकलेली नाही. ब्रूनो मुरालच्या ‘किडनॅपिंग इंक.’नं या अपेक्षेलाच चिमटा काढला. विषय अपहरणाचाच, पण बाज विनोदाचा. दोन भुरटे अपहरणकर्ते, हातून बिघडलेलं काम आणि मग पळापळ. सनडान्सला २०२४ मध्ये तो मध्यरात्रीच्या खेळांत दाखवला गेला. चित्रीकरण सुरू असताना त्याच्या चमूतल्या तिघांचं खरोखरच अपहरण झालं होतं. हा तपशील आता प्रत्येक बातमीत सिनेमाच्या आधी येतो, आणि विनोद मागं पडतो.

ऑस्करची तऱ्हा आणखी वेगळी. परभाषिक चित्रपटाच्या विभागात अर्ज दिग्दर्शक करत नाही, देश करतो. त्यासाठी देशात निवड समिती हवी आणि अमेरिकेतल्या अकादमीनं ती मान्य करायला हवी. हैतीनं पहिल्यांदा चित्रपट पाठवला तो थेट २०१७ मध्ये, गेटी फेलिन यांचा भूकंपानंतरच्या हैतीवरचा ‘आयिती मोन आमूर’. दुसरा ‘फ्रेडा’. हे पहिले दोन्ही बायकांचे, हे सहज लक्षात आणून देतो.

आणि परत घरी?

मराठीतलंच एक उदाहरण जवळचं आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. तोही परदेशी भागीदार आणि कार्यशाळा यांच्या वाटेनं गेलेला सिनेमा. पण त्याच सप्टेंबरात तो आपल्याकडच्या थिएटरांत लागला. हौसेनं असो की कुतूहलानं, तिकीट काढून बघता आला. हैतीच्या सिनेमाला ही परतीची वाट नाही.

काहींनी पर्याय काढले. दक्षिण किनाऱ्यावरच्या जॅकमेल गावात २००४ पासून काही वर्षं फेस्टिव्हल भरायचा. समुद्राकाठी मोठा पडदा लावून फुकट खेळ, आपल्या जत्रेतल्या तंबू टॉकीजची आठवण व्हावी असा. त्यातूनच तिथं ‘सिने इन्स्टिट्यूट’ ही चित्रपट शाळा उभी राहिली. भूकंपात शाळेची इमारत पडली. विद्यार्थ्यांनी ढिगाऱ्यातून कॅमेरे काढले आणि गावाचं काय झालं ते चित्रित करायला सुरुवात केली. बाहेरचे वार्ताहर पोचायच्या आत.

दुसरा पर्याय म्हणजे देशाबाहेरचा हैती. मायामीतली लिटल हैती, ब्रुकलिन, माँट्रियल. बाजारहाट चालवणाऱ्या बायकांवरचा एतां द्युपँ यांचा ‘मादान सारा’ हा माहितीपट अशा वस्त्यांतून फिरला. मायामीत वाढलेल्या मोनिका सोरेल यांचा ‘माउंटन्स’ (२०२३) तर लिटल हैतीतच घडतो. घरं पाडण्याच्या कामावर असलेला बाप, आणि पाडली जाणारी घरं त्याच्याच शेजाऱ्यांची. संवाद बरेचसे क्रेओलमध्ये, पण कागदोपत्री सिनेमा अमेरिकन.

आता मात्र माणसांनी फेस्टिव्हलला पोचणंच अवघड झालंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सवर उतरणाऱ्या विमानांवर गोळीबार झाला आणि अमेरिकेनं तिथली आपली उड्डाणं थांबवली. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं ज्या १२ देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली त्यांत हैती आहे. सनडान्स आणि ट्रायबेका हे दोन्ही फेस्टिव्हल अमेरिकेत. सिनेमा इंटरनेटवरून पोचतो, पण सहनिर्माता भेटतो तो कॉफीच्या टेबलावर.

लोकार्नो फेस्टिव्हलचा ‘ओपन डोअर्स’ हा उपक्रम दर काही वर्षांनी जगाचा एक भाग निवडतो आणि तिथल्या नवख्यांना स्वित्झर्लंडला बोलावून निर्मात्यांशी गाठ घालून देतो. २०२२ ते २०२४ ही तीन वर्षं लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनची होती, हैती त्यात होता. २०२५ पासून ते दार चार वर्षांसाठी आफ्रिकेकडं वळलंय.